ओट्यासमोरचा बारमाही फुलांचा पट्टा: खानदेशात पहिल्यांदा लावताना

नवीन घर बांधून झालं, कंपाउंडची भिंत उभी राहिली, की भिंतीच्या कडेला फुलं लावावीशी वाटतातच. मग एखाद्या रविवारी नर्सरीतून डिकी भरून रोपं येतात, संध्याकाळपर्यंत सगळी लागतात, आणि पुढच्या आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) त्यातली चार-दोन उरतात. "आपल्याकडच्या उन्हात फुलं टिकतच नाहीत" असं म्हणून त्या जागी फरशी बसते. अमळनेरला आमच्याच गल्लीत अशा तीन फरशा आहेत. चौथी बसू नये म्हणून हे लिहिते आहे.

ऊन आपल्याकडे कडक आहे, यात वाद नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि दुपारी बाराला रस्ते ओस पडतात. पण इतक्या वर्षांत मी उन्हाने मेलेली जितकी रोपं पाहिली, त्याहून कितीतरी जास्त काळ्या मातीत साचलेल्या पाण्याने मेलेली पाहिली. उन्हाने मान टाकलेलं रोप संध्याकाळी पाणी दिलं की उठतं. मूळ कुजलेलं रोप उठत नाही. ही एक गोष्ट मनात पक्की ठेवली, तर पुढच्या सगळ्या पायऱ्या सोप्या जातील.

आपण इथे बुटक्या, गच्च वाढणाऱ्या, भडक रंगाच्या बारमाही झाडांबद्दल बोलतोय. बहुतेक गुडघ्याच्या वर न जाणारी, एकदा लावली की बहुधा तीन-चार वर्षं राहणारी. झेंडू, झिनिया दर हंगामाला नव्याने लावावे लागतात. त्यांचा विचार इथे केलेला नाही.

१. जागा ठरवा, पण भिंतीला चिकटून नको

सकाळपासून दुपारी एकपर्यंत ऊन आणि नंतर सावली, अशी पूर्वेकडची जागा सगळ्यात चांगली. पाच-सहा तासांचं ऊन फुलायला पुरतं. पश्चिमेची भिंत मात्र वेगळं प्रकरण आहे. दिवसभर तापलेली वीट रात्री दहापर्यंत गरम असते, हात लावून बघा. तिथे रोपाला रात्रीसुद्धा विसावा मिळत नाही. तिथे फुलं लावता येतात, पण कोणती, ते पुढे सांगते.

घराच्या भिंतीपासून किमान दोन फूट सोडूनच वाफा घ्या. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. पायाला लागून रोज पाणी दिलं तर एका बाजूची माती फुगलेली, दुसऱ्या बाजूची कोरडी राहते आणि भिंतीला तडे जातात. कंपाउंडच्या भिंतीलाही फूटभर अंतर ठेवाच. मागे शिरून तण काढायलाही ती जागा लागते.

वाफ्याची रुंदी अडीच फूट पुरे. एका बाजूने वाकून हात शेवटपर्यंत पोहोचला पाहिजे. पहिल्या वर्षी दहा फूट लांबीच घ्या. उत्साहाच्या भरात चाळीस फूट खणून ठेवलं की जूनमध्ये तिथे फुलांऐवजी काँग्रेस गवत उभं असतं.

२. माती ओळखा

तापीकाठी, गिरणाकाठी खोल काळी माती आहे. यावल-रावेरच्या केळीच्या बागा, चोपडा-अमळनेरचा कापूस याच मातीवर उभा आहे. साक्री, नवापूरकडे आणि धुळ्याच्या बऱ्याच भागात जमीन हलकी, मुरमाड आहे. दोन्हीकडे एकच उपाय चालत नाही.

पहिली परीक्षा खड्ड्याची. फूटभर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, मुरू द्या. पुन्हा भरा आणि घड्याळ लावा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तास-दोन तासांत गेलं तर निचरा चांगला आहे. चार तासांनीही पाणी तसंच दिसत असेल तर जमिनीत थेट रोप लावू नका. उंच गादीवाफा करावाच लागेल. आणि पंधरा मिनिटांत खड्डा रिकामा झाला तर तुमची जमीन मुरमाड आहे. तिथे वाफा उंच न करता जमिनीच्या पातळीलाच ठेवा आणि शेणखत दुप्पट घाला, म्हणजे ओल धरून राहील.

दुसरी परीक्षा चुनखडीची. वाळलेल्या मातीच्या ढेकळावर थोडं व्हिनेगर टाका. फसफसलं तर मातीत चुना आहे. आपल्या बऱ्याच काळ्या जमिनींत तो असतो. खणताना पांढरे खडे हाताला लागतात ते हेच. विहीर-बोअरचं पाणीही बहुतेक ठिकाणी जड, क्षाराचं. अशा मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही, आणि मग पानं पिवळी पडतात. कोणतं झाड निवडायचं, याचा निम्मा निर्णय या फसफसण्यावर होतो.

३. गादीवाफा

काळ्या मातीत वाफा जमिनीपासून नऊ इंच उंच हवा. कडेला विटा तिरप्या लावा किंवा शहाबादी फरशीचे तुकडे उभे गाडा, पण विटा सिमेंटने जोडू नका. पाणी बाहेर जायला फट हवी. नऊ इंच उंची करून कडा सिमेंटने बंद केल्या, तर तो वाफा राहत नाही, हौद होतो.

दहा फूट लांब, अडीच फूट रुंद आणि नऊ इंच उंच वाफ्याला साधारण ५० घमेली भर लागते. त्यात २५ घमेली तिथलीच माती, १२-१३ घमेली बारीक मुरूम आणि तितकंच चांगलं कुजलेलं शेणखत. सोबत किलोभर निंबोळी पेंड. काळ्या मातीत चार घमेली रेती टाकून निचरा सुधारत नाही, हे मी करून पाहिलंय. थोडी रेती त्या मातीत अशी घट्ट बसते की वाळल्यावर टिकावानेही फुटत नाही. मुरूम टाकायचा तर चौथा हिस्सा टाका, नाहीतर नुसतं शेणखत वाढवा. विटांचा चुरा मिळाला तर तोही चालतो.

शेणखत उकिरड्यावरून ओलं, गरम, वास येणारं आणू नका. त्यातून हुमणीची अळी येते आणि मुळं खाते. हातात चुरलं की चहाच्या भुकटीसारखं सुटलं पाहिजे.

वाफा भरण्याआधी खालची मूळ जमीन टिकावाने वीतभर खणून ढिली करा. तसं केलं नाही तर वरची भर आणि खालची कडक जमीन यांच्यामध्ये पाणी साचतं. भरून झाल्यावर दोनदा भरपूर पाणी देऊन आठवडाभर तसंच सोडा. माती दोन-तीन इंच खाली बसते, तेवढी पुन्हा भरून घ्या.

४. कोणती झाडं

नर्सरीत गेल्यावर सगळंच हवंहवंसं वाटतं, म्हणून यादी घरून करून जा. आपल्याकडे खरोखर चालणारी झाडं मी जागेनुसार सांगते.

सगळ्यात आधी *सदाफुली*. मूळची मादागास्करची, पण आता आपल्याकडे सिमेंटच्या फटीतही उगवते. तिच्यातल्या अल्कलॉइडपासून रक्ताच्या कर्करोगावरचं औषध करतात. वाफ्यासाठी नर्सरीतली बुटकी, फूटभर उंचीची जात घ्या. गडद गुलाबी, लाल, जांभळी, पांढरी, मध्ये वेगळ्या रंगाचा ठिपका असलेली. बाराही महिने फुलं. ऊन तिला काहीच करत नाही, पाणी मात्र लगेच मारतं.

*गलांडा*, म्हणजे गेलार्डिया. आपल्या शेतकऱ्यांना हाराच्या फुलांसाठी ओळखीचा आहे. लाल-पिवळ्या रंगाचा, दीड फुटांपर्यंत वाढणारा, हलक्या जमिनीतही खूश. त्याचं आयुष्य दीड-दोन वर्षांचं, पण बी पडून आपोआप नवी रोपं येतात. सुकलेली फुलं रोज खुडली तर बहर थांबत नाही.

*पेंटास*. लाल, गुलाबी, जांभळट चांदण्यांचे गुच्छ. पूर्व आफ्रिकेकडचं झाड आहे आणि फुलपाखरं त्याच्याभोवती दिवसभर असतात. बुटकी जात मागा, नाहीतर तीन फूट होतं. पूर्वेच्या वाफ्यात उत्तम. पश्चिमेला एप्रिलमध्ये करपतं.

*बुटका लँटाना*, म्हणजे रानातल्या घाणेरीची बागेतली बहीण. पिवळी आणि जांभळी पसरणारी जात मिळते. पश्चिमेच्या भिंतीसमोर हीच लावा. सातपुड्यात घाणेरीने किती जमीन व्यापली आहे ते सगळ्यांनी पाहिलंय, म्हणून काळी फळं धरणारी जात आणू नका. पक्षी बी पसरवतात. आणि शेळ्या-गाईंच्या तोंडाशी येईल अशी लावू नका, ती त्यांना विषारी आहे.

*काटेरी युफोर्बिया* लाल, गुलाबी, लिंबू रंगात, बुटक्या जातीत मिळतो. पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीसमोर लावायला लँटानाचा जोडीदार. आठवड्यातून एकदा पाणी विसरलात तरी रागावत नाही. चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, छाटताना चष्मा लावा. लहान मुलं खेळतात त्या कडेला मी तो लावत नाही.

*चिनी गुलाब*, ज्याला कुणी ऑफिस टाइम म्हणतं. वाफ्याच्या अगदी पुढच्या कडेला. नऊ-दहा वाजता फुलतो, दुपारी मिटतो. एक कांडी घेऊन बोटभर खोल खोचली की झालं, विकत घ्यायची गरजच नाही. शेजारी मागा.

*पावसाळी लिली*. पिवळी, गुलाबी, पांढरी. कंद दोन इंच खोल आणि चार-चार इंचांवर लावा. कोरड्या दिवसांनंतर दमदार पाऊस झाला की थोड्याच दिवसांत एकदम सगळी उमलते. मृगाचा पाऊस पडून गेल्यावर ती ओळ बघायला आमच्याकडे गल्लीतली मुलं येतात.

*अबोली*. कडुलिंबाच्या झाडाखाली विरळ सावली असेल, तर तिथे केशरी अबोली. दुपारचं ऊन तिला सोसत नाही. शिवाय वेणीला फुलं मिळतात, हा फायदा वेगळाच.

*बुटकी कर्दळ* मागच्या रांगेला, दोन-अडीच फुटांची. लाल आणि पिवळी. ती पाण्याला घाबरत नाही, म्हणून वाफ्याचा जो भाग सखल असेल, जिथे पाणी रेंगाळतं, तिथेच ती लावा. फुलून झालेला दांडा बुडाशी कापायचा, बाजूचा नवा कोंब वर येतो.

*शेवंती* लावायची तर काश्यांपासून (जुन्या झाडाच्या बुडाशी फुटणाऱ्या कोंबांपासून) लावा, आणि रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड जिथे पडतो तिथे लावू नका. रात्री मोठ्या होऊ लागल्या की शेवंती कळ्या धरते. रात्रभर दिवा चालू असेल तर तिला रात्र झालेली कळतच नाही. आमच्या फाटकाजवळची शेवंती दोन वर्षं नुसती पानांची वाढली. तिथून उचलून आत आणली तेव्हा फुलली.

आता *इक्झोरा*. पुण्या-मुंबईच्या बंगल्यांसमोर त्याची लालभडक बॉर्डर बघून प्रत्येक जण तोच मागतो. त्याला आम्लधर्मी माती लागते आणि आपली माती नेमकी उलटी. व्हिनेगर फसफसलं असेल तर पहिल्या वर्षी इक्झोरा आणूच नका. पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, असं तो सहा महिन्यांत दाखवतो. ज्यांना हवाच आहे त्यांनी दीड फूट खोल आणि रुंद खड्डा घेऊन त्यात पूर्ण लाल माती आणि शेणखत भरावं, आणि दर दोन महिन्यांनी लोह द्यावं. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि अर्ध्या लिंबाचा रस, ही फवारणी संध्याकाळी पानांवर. जमिनीतून द्यायचं तर ईडीडीएचए स्वरूपातलं चिलेटेड लोह मागा. साधं फेरस सल्फेट आपल्या मातीत टाकलं की थोड्याच दिवसांत निकामी होतं. ईडीटीए स्वरूपातलंही चुनखडीच्या मातीत फारसं टिकत नाही, त्यामुळे पाकिटावरचं नाव वाचूनच घ्या.

रंगांबद्दल माझं स्पष्ट मत आहे. आपल्या उन्हात फिकट रंग दुपारी विटलेल्या कापडासारखे दिसतात. लाल, केशरी, गडद पिवळा, राणी रंग हे उन्हात उठून दिसतात. पांढरा ठेवायचा तर ओट्याजवळ ठेवा. उन्हाळ्यात आपण अंगणात बसतो ते अंधार पडल्यावर, आणि तेव्हा तोच दिसतो. एकेक रंगाचं एकेक रोप लावू नका. एका रंगाची तीन किंवा पाच रोपं एकत्र लावली तर लांबून पट्टा दिसतो, नाहीतर नुसते ठिपके.

दहा फुटांच्या वाफ्याला मागे दीड-दीड फुटावर ६ झाडं, मध्ये फूटभर अंतराने ९, आणि पुढच्या कडेला नऊ-नऊ इंचांवर १३, अशी २८ रोपं लागतात. मागच्या दोन झाडांच्या मधोमध पुढचं झाड येईल, अशी नागमोडी मांडणी करा. सुरुवातीला विरळ वाटतं. दुप्पट रोपं लावायचा मोह टाळा, सहा महिन्यांत ती एकमेकांत शिरतात आणि हवा खेळत नाही.

५. कधी लावायचं

सगळे सांगतात, पहिला पाऊस पडला की लावा. मोठ्या झाडांसाठी ते खरं आहे. या बुटक्या फुलझाडांसाठी मी ते मानत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस झड लागली की काळी माती सुकतच नाही आणि कोवळं मूळ त्यात गुदमरतं. नवरात्र संपल्यापासून दिवाळीनंतरच्या पंधरा दिवसांपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. ऑक्टोबरचं ऊन उतरलेलं असतं, मातीत ओल असते, आणि एप्रिल यायला पाच महिने असतात. या पाच महिन्यांत मूळ जितकं खोल जाईल, तितकं झाड मे महिन्यात टिकेल. अपवाद कर्दळ आणि पावसाळी लिली. त्यांचे कंद मृगाआधी लावले तरी बिघडत नाही.

हे कंद सोडले तर होळीनंतर उन्हाळ्यात काहीही लावू नका. कितीही स्वस्त मिळालं तरी.

६. रोप आणणं आणि लावणं

नर्सरीत सगळ्यात जास्त फुललेलं रोप उचलू नका. बुटकं, बुडापासून तीन-चार फांद्या फुटलेलं, कळ्या असलेलं घ्या. पिशवी हळूच उचलून बघा. खालच्या भोकातून मुळांचा गुंता बाहेर आला असेल तर ते रोप फार दिवस पिशवीत अडकलेलं आहे. पानांच्या मागे कापसासारखा पांढरा ठिपका दिसला तर तो पिठ्या ढेकूण, ते रोप घरी आणूच नका.

आणल्यावर आठ दिवस ओट्याच्या सावलीत ठेवा, मग दोन-तीन दिवस सकाळच्या उन्हात. आपल्याकडे येणारी बरीच रोपं आंध्रातल्या कडियम किंवा पुण्याजवळच्या उरुळी कांचनकडच्या नर्सऱ्यांतून येतात. तिथून आपल्या हवेत यायला त्यांना वेळ लागतो.

आता जी गोष्ट कुणी सांगत नाही ती. पिशवी कापली की आत लाल मातीचा विटेसारखा घट्ट गोळा निघतो. तो तसाच काळ्या मातीत पुरला तर वरून दिलेलं पाणी गोळ्याच्या बाजूने वाहून जातं, गोळा आतून कोरडा राहतो, आणि बाहेरच्या मातीत चिखल होतो. मुळं गोळ्याच्या बाहेर पडायलाच तयार नसतात. वर्षभराने मेलेलं रोप उपटलं की गोळा जसाच्या तसा हातात येतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे. म्हणून बादलीत पाणी घ्या, गोळा त्यात पाच मिनिटं बुडवून ठेवा. बुडबुडे थांबले की बाहेर काढून खालचा एक तृतीयांश भाग बोटांनी हळूहळू मोकळा करा, बाजूची लाल माती थोडी झाडून टाका. तळाशी गोल फिरलेली मुळं असतील तर कात्रीने कापा. भीती वाटते, पण रोप मरत नाही. तीन आठवड्यांत कापलेल्या जागेवरून पांढरी नवी मुळं सुटतात.

रोप पिशवीत जितकं खोल होतं तितकंच लावा, उलट अर्धा इंच वर राहिलं तरी चालेल. बुडाभोवती माती दाबून आळं करायची आपली सवय आहे. सदाफुली, गलांडा, युफोर्बिया यांना आळं करू नका, बुडाशी पाणी साचतं. संध्याकाळी पाच नंतर लावा. लावून झाल्यावर सगळ्या कळ्या खुडा आणि शेंडा मोडा. पहिले तीन आठवडे फूल दिसू देऊ नका. ताकद मुळाला जाते आणि झाड बुडापासून गच्च होतं. मला विचाराल तर नव्याने सुरुवात करणाऱ्याला सगळ्यात अवघड जाणारी पायरी हीच आहे.

७. पाणी

पहिल्या वर्षी मी ३० सदाफुल्या लावल्या होत्या. श्रावणात त्या एकेक करून मान टाकू लागल्या. मला वाटलं तहानल्या, म्हणून पाऊस थांबला की मी पाइप घेऊन उभी. शेजारच्या जिजी भिंतीवरून म्हणाल्या, "माय, इतलं पानी नको टाकू, मुया कुजी जातीन." मी ऐकलं नाही. गणपतीपर्यंत ३० पैकी ४ राहिल्या. एक उपटून पाहिली तर मूळ तपकिरी झालेलं, आणि बोटांत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी सरकून हातात आली, आत नुसता पांढरा दोरा. मूळ कुजल्याची हीच खूण. पान सुकलेलं दिसतं ते पाणी कमी पडल्यामुळे नाही. पाणी ओढायला मूळच उरलेलं नसतं.

म्हणून पाणी देण्याआधी मातीत दोन पेरं बोट घालायचं. काळी माती वरून पांढुरकी, भेगाळलेली दिसते आणि दोन इंच खाली चिखल असतो. बोटाला ओल लागली तर परत जायचं. हिवाळ्यात साधारण तीन-चार दिवसांआड, फेब्रुवारी-मार्चमध्ये एक दिवसाआड, एप्रिल-मेमध्ये रोज. पावसाळ्यात सलग दहा दिवस उघडीप मिळाली तरच. हा अंदाज झाला, शेवटचा निर्णय बोटाचा.

ठिबकचं गाव म्हणून जळगावची ओळख आहे, तेव्हा दहा फुटांच्या वाफ्यालाही ठिबक लावायला लाजू नका. १६ मिलिमीटरची नळी, आत बसवलेले ड्रिपर दर ३० सेंटिमीटरवर, ताशी २ लिटरचे. अशा दोन नळ्या पुरतात. जड पाण्याने ड्रिपर तुंबतात, म्हणून पंधरा दिवसांनी नळीचं शेवटचं टोक उघडून पाणी जोरात सोडा, पांढरा चुरा बाहेर पडतो.

पाइपने देत असाल तर एक काळजी घ्या. दुपारी उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी चहा करण्याइतकं गरम असतं. हात धरून गार झाल्यावरच वाफ्याकडे वळवा.

८. आच्छादन, छाटणी, खत

आच्छादनाला आपल्याकडे तोटा नाही. केळीची वाळलेली पानं हाताने फाडून दोन इंच जाडीने पसरा. यावल-रावेरकडे बागेतून फुकट मिळतात. उसाचं पाचट, सोयाबीनचं भुसकटही चालतं. बुडापासून दोन इंच जागा मोकळी सोडा, आणि महिन्यातून एकदा पान उचलून वाळवी नाही ना ते बघा. आच्छादन नसेल तर एप्रिलमध्ये काळ्या मातीला अशा भेगा पडतात की हात आत जातो, आणि त्या भेगा मुळं तोडत जातात. भेग दिसली की त्यात कोरडं शेणखत भरून टाका.

छाटणी वर्षातून दोनदा. मृगाचे एक-दोन पाऊस झाल्यावर आणि पुन्हा दसऱ्याच्या सुमारास. सदाफुली, पेंटास, लँटाना यांचा वरचा एक तृतीयांश भाग कापा. मार्चनंतर कात्री हातात घेऊ नका. तीच पानं खोडाला सावली देत असतात.

खत त्याच दोन वेळी, प्रत्येक झाडाला दोन ओंजळी शेणखत. युरिया टाकला तर झाड हिरवंगार होतं आणि फुलं गायब होतात. केळीची सालं थेट वाफ्यात पुरू नका, मुंग्या आणि घुशी येतात. कंपोस्टमध्ये कुजवून मग वापरा.

मावा, पिठ्या ढेकूण दिसला तर लिटरला ५ मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण, संध्याकाळी. मार्चपासून पानांवर बारीक फिकट ठिपके आणि खाली जाळी दिसली तर तो लाल कोळी. पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा तीन दिवस मारा, बहुतेक वेळा तेवढंच पुरतं. ४० अंशांच्या वर तेलाची फवारणी करू नका, पानं भाजतात.

९. एप्रिल आणि मे

५० टक्के सावलीची हिरवी जाळी वाफ्याच्या पश्चिमेला उभी बांधा. वरून छप्पर केलं तर हवा कोंडते. पश्चिमेचा पडदा पुरतो. लँटाना, युफोर्बिया, चिनी गुलाब यांना त्याचीही गरज नाही. पाणी सकाळी सातच्या आत. दुपारी पानं लोंबली तर घाबरू नका आणि पाणीही देऊ नका. सूर्य मावळल्यावर ती उठली की मूळ जिवंत आहे. सकाळी सहालाही लोंबलेलीच असतील तेव्हा काळजी करायची, आणि तेव्हाही आधी बोट मातीत घालून बघायचं.

या दोन महिन्यांत फुलं कमी होतात, लहान होतात. खत टाकून जबरदस्ती करू नका.

१०. दुसऱ्या वर्षीची रोपं

पहिल्या वर्षी २८ पैकी पाच-सात गेली तर ते चालायचंच. मोकळ्या जागा विकत आणून भरायच्या नाहीत. सदाफुली आणि गलांड्याखाली जूनमध्ये बी पडून आलेली रोपं दिसतील. चार पानांची झाली की खुरप्याने मातीसकट उचलून रिकाम्या जागी लावा. मात्र संकरित सदाफुलीच्या बियांतून आईसारखाच रंग येईल असं नाही. पेंटास आणि लँटानाच्या पेन्सिलएवढ्या जाड, वीतभर काड्या छाटणीच्या वेळीच बाजूला ठेवा, खालची पानं काढा आणि अर्ध्या मुरूम, अर्ध्या शेणखताच्या पिशवीत सावलीत लावा. युफोर्बियाची काडी दोन-तीन दिवस सावलीत वाळू द्या, चीक सुकल्यावरच लावा. महिन्या-दीड महिन्यात नवं पान फुटतं. काडी कापताना खालचं टोक तिरपं आणि वरचं सरळ कापा, म्हणजे टोपल्यात पन्नास काड्या एकत्र पडल्या तरी कोणतं टोक मातीत जायचं ते चुकत नाही.